किती शांत गाडी

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
१२ मार्च २०२५

प्रिय स्वप्नाली,

तुला, सुजितरावांना आणि आमच्या जिज्ञासाला तुझ्या तात्याचे आशीर्वाद. तुझं पाकीट मिळालं. आत पत्र एक पान आणि नव्या गाडीची रंगीत माहिती आठ पानं. तुझ्या आईने ती पानं टीव्हीखाली ठेवली आहेत आणि दुपारी जेवण झालं की चष्मा लावून बघत बसते. मी विचारलं, काय बघतेस, तर म्हणाली, रंग.

मी फोन का उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस. अगं, फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं आणि दोघांच्याही मनातलं राहून जातं. पत्रात निदान समोरच्याचं वाक्य पुरं होतं. गावाकडे तुझ्या आजीला पत्रं लिहून लिहून मला ही सवय लागली, आता या वयात मोडायला सांगू नकोस.

आता गाडीचं. तू आणि सुजितराव मला नवी गाडी घेऊन देताय, कौतुक आहे. पण आपल्या जुन्या पांढरीत काय वाईट आहे ते तू एकदाही लिहिलं नाहीस. तिचं बोनेट उघडलं की इंजिन दिसतं. नव्या गाड्यांचं उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं, खाली काय चाललंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. पांढरीचा कुठलाही पार्ट उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात मिळतो. तिथला शेठ मला लांबून बघून 'आओ साईं' म्हणत चहा सांगतो. आणि मुख्य म्हणजे ती मला सगळं सांगते. गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला की दुसरा घ्यायचा की तिसरा ते कळतं. पायाखालचा पत्रा थरथरला की तिला काय हवंय ते कळतं. असा माणूससुद्धा मिळत नाही हल्ली.

नोकरी सुटल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चहा व्हायच्या आधी खाली उतरतो, पांढरी सुरू करतो आणि उगाच एमआयडीसीपर्यंत जाऊन येतो. कंपनीच्या गेटसमोर थांबत नाही, नुसता वळसा घालतो. परत आलो की पुन्हा काय करायचं हा प्रश्न असतोच. आई म्हणते, पायाला भिंगरी लावली आहे तुमच्या. ती बरोबर आली तर अजून लांब जातो.

तेव्हा गाडीचा विचार सोड. जिज्ञासाला चित्रं काढून पाठवायला सांग.

तुझा
तात्या

*

नाशिक
२१ मार्च २०२५

तात्या, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

पांढरीत काय वाईट आहे ते मी आता लिहिते, कारण तुम्ही विचारलंय. तिला एअरबॅग नाही. मागच्या सीटला पट्टे नाहीत. दाराचं कुलूप आतून कधी लागतं आणि कधी नाही ते तिच्या मर्जीवर आहे. आणि तुम्ही तिच्यात बसलात की रस्ता आपल्या वडिलांचा असल्यासारखे चालवता. दिवाळीत बदलापूरला जाताना मागून टँकर किती वेळ हॉर्न देत होता आणि तुम्ही मधोमध, आपल्याच चालीने. मी मागे बसून सारखी वळून बघत होते. तुम्ही मुद्दाम बाजूला होत नाही हे मला ठाऊक आहे, लहानपणापासून बघतेय. आणि आई बिचारी किती घाबरते. सारखी तुमचा गुडघा नाहीतर खांदा धरून असते. नव्या गाडीत तिला अशी धडकी भरणार नाही.

गाडी का घेतोय तेही नीट सांगते. सुजितची बदली जुलैअखेर होतेय. आम्ही बदलापूर पूर्वेला फ्लॅट बघितलाय आणि जिज्ञासाला एक ऑगस्टपासून तिकडच्या शाळेत घालायचं नक्की केलंय. मला ठाण्याचं ऑफिस आहे, सुजितला त्याहून लांब. शाळा दुपारी सुटते. तिला शाळेतून घेऊन पालेगावला तुमच्याकडे आणायचं आणि संध्याकाळपर्यंत सांभाळायचं, हे तुमच्याशिवाय मी कुणावर सोडू? रोज त्या रस्त्यावर माझी मुलगी गाडीत असणार आहे. म्हणून गाडी नवी हवी, गिअर नसलेली हवी, मागे बघायला कॅमेरा असलेली हवी. तुमच्या हातावर माझा भरवसा आहे. त्या पत्र्यावर नाही.

इकडे माझंही काही खरं नाही. सामान बांधायचं, शाळेचे दाखले, घरमालक. रात्री पडलं की डोक्यात बदलापूरचा रस्ता सुरू होतो. तुम्ही हो म्हणालात तर एक काळजी कमी होईल. अक्षय तृतीयेला गाडी दारात येईल, मी आणि जिज्ञासा येऊ.

तुमची
स्वप्नाली

*

पालेगाव
४ एप्रिल २०२५

प्रिय स्वप्नाली,

तुझं पत्र आल्यापासून मी जरा विचारात आहे. आईने तीनदा विचारलं काय लिहिलंय, मी म्हणालो, बदली होतेय, जवळ येतायत. ती देवापुढे साखर ठेवून आली.

तू म्हणतेस म्हणून नवी गाडी चालवून बघितली. दौलतराव आठवतो का तुला, कंपनीत माझ्याबरोबर पत्रा दाबायच्या प्रेसशॉपला होता तो. त्याच्या मुलाने परवाच तसलीच गाडी घेतलीय. आनंदनगरच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी वाहतूक नसते, तिथे आम्ही गेलो. चावी फिरवायची नाही म्हणे, खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं. मी दाबलं आणि वाट बघत बसलो. काही होईना. पुन्हा दाबलं. दौलतराव पोट धरून हसायला लागला. पहिल्या बटणालाच गाडी सुरू झाली होती आणि दुसऱ्याला मी ती बंद केली. आता मला सांग, जी गाडी चालू आहे की बंद हेच चालवणाऱ्याला कळत नाही, तिला गाडी म्हणायचं का? स्टिअरिंग लोण्यासारखं, खालून काही थरथर नाही, हाताला काही लागत नाही. झोपलेल्या माणसाला हाताला धरून चालवत नेल्यासारखं वाटलं. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन उतरलो.

दौलतराव म्हणाला, सवय होईल. त्याला कशाचीही सवय होते.

एक विचारायचं होतं. त्या शाळेची बस नाही का? हल्ली सगळ्या शाळांच्या पिवळ्या बस असतात, आत बाई असते, मुलं एकमेकांत रमतात. जिज्ञासाला मैत्रिणी मिळतील. बसने ती पालेगावच्या नाक्यावर उतरली की मी घ्यायला येईन, चालत. बघ विचार करून.

तुझा
तात्या

*

नाशिक
१३ एप्रिल २०२५

तात्या,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, बटणाच्या गोष्टीला. दुसऱ्यांदा शेवटचा भाग नीट वाचला.

शाळेची बस पालेगावपर्यंत येत नाही. पण प्रश्न बसचा नाही. मी तुम्हाला माझी मुलगी सांभाळायला सांगते आणि तुम्ही मला बसचा रंग सांगता. तुम्हाला सकाळी एमआयडीसीला उगाच वळसा घालायला वेळ आहे, नातीला शाळेतून आणायला नाही. तुम्हाला तिचा व्याप नको असेल तर तसं लिहा. मी वाईट वाटून घेईन, पण मला कळेल तरी. गाडी जुनी चांगली की नवी चांगली यात मला गुंतवून ठेवू नका.

गाडी बुक झालीय. तृतीयेला येतेय. तेव्हा समोरासमोर बोलू.

स्वप्नाली

*

नाशिक
६ मे २०२५

ती. तात्या,

समोरासमोर बोलणं झालंच नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला. सुजित म्हणतो, जाऊ दे. माझ्याने जाऊ देववत नाही. आठवडा झाला, कामात लक्ष नाही.

मी किती हौसेने आले होते. आईने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, तुम्ही नारळ फोडलात. चावीची पूजा करायची म्हणून आईने ती ताटात हळद-कुंकवाशेजारी ठेवली आणि दारातून आपल्या तिघांना ओवाळलं. तुम्ही बटण दाबलंत, गाडी सुरू झाली, आपण निघालो. देवळापर्यंत जाऊन यायचं होतं. आईला यायचं होतं, मीच म्हटलं की गॅसवर पुरण आहे, शेजारपाजारचे येतील, तू थांब.

मग ती गाडी टिंगटिंग करायला लागली. चावी ताटात राहिली होती आणि ताट आईच्या हातात, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? समोर लाल अक्षरं लुकलुकत होती. मी पट्टा बघितला, दारं बघितली. जिज्ञासाने दोन्ही कानांवर हात ठेवले. आणि तुम्ही माझ्याकडे वळून बघत म्हणालात, "किती शांत गाडी आहे गं."

तात्या, तुमचे टोमणे मला नवीन नाहीत. पण त्या दिवशी तो मला फार लागला. मी काचेबाहेर बघत बसले. पुढे वळणावर डावीकडून रिक्षा हॉर्न देत आली, तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, ती घासूनच गेली. मागे माझी मुलगी बसली होती. नवी गाडी आवडली नाही म्हणून इतका हट्ट?

देवळापाशी गाडी बंद केलीत आणि मग ती सुरूच होईना. ऊन डोक्यावर, लोक जमलेले, प्रत्येकजण एक सल्ला देतोय. आणि तेवढ्यात आई रिक्षातून उतरली, हातात ते सगळं ताट, निरांजनासकट. सगळे हसले. मीही हसले, पण मला रडू येत होतं. चावी द्यायला कुणी ताट घेऊन येतं का? घरी आल्यावर तुम्ही पांढरीची काच पुसत बसलात आणि आम्ही संध्याकाळच्या ट्रेनने निघालो.

गाडी तुमच्या अंगणात आहे, राहू दे. जिज्ञासासाठी मी बदलापूरला एखादी बाई बघते. तुम्हाला त्रास नको.

स्वप्नाली

*

पालेगाव
१२ मे २०२५

स्वप्ने,

आई लिहितेय. तुझं पत्र मी वाचलं. त्यांनी वाचून घडी घालून खिशात ठेवलं, आंघोळीला गेले तेव्हा काढून वाचलं. मी लिहितेय ते त्यांना नंतर सांगेन. भांडतील, भांडू देत.

तुझ्या तात्यांना ऐकू येत नाही. थोडं नाही, जवळजवळ काहीच नाही. कंपनीतल्या प्रेसच्या धडधडीत कान गेले. आधी एक गेला, मग दुसरा, हळूहळू, त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही. तोंडाकडे बघून समजून घेतात. म्हणून तर दुसऱ्याला बोलू देत नाहीत, स्वतःच बोलत राहतात. म्हणून फोन नको. तू चार दिवस येतेस, घरात गडबड असते, तुला कसं कळणार? मला गप्प राहायची शपथ घातलीय. दौलतरावांनाही माहीत नाही.

मी गाडीत घाबरत नाही गं. मागून हॉर्न आला की मी खांद्यावर हात ठेवते. डावीकडून कुणी घुसत असेल तर गुडघा दाबते. अॅम्ब्युलन्स असेल तर दोन्ही. अशी आम्ही गाडी चालवतो. दिवाळीला तू पुढे बसायचा हट्ट केला नाहीस म्हणून निभावलं, पण तेव्हा मागे तुझ्याशी बोलायला मी मान वळवली होती आणि तो टँकर राहून गेला. एकटे ते फक्त पहाटे जातात, रस्ता रिकामा असताना, आणि परत येईपर्यंत माझा चहा उकळून आटतो.

नवी गाडी त्यांना कशी कळावी? ती टिंगटिंग करून बोलते, ते ऐकणं तर गेलेलंच आहे. पांढरी हाताला बोलते. आणि नव्या गाडीत दोघांच्या मध्ये ती कोपर ठेवायची पेटी आहे, माझा हात गुडघ्यापर्यंत पोचत नाही. ते तुझ्या कागदावरच्या चित्रात मी आधीच बघितलं होतं.

तृतीयेला तुम्ही निघालात आणि मी दारात उभी. ते माझ्याशिवाय चालले होते आणि मागे पोर होती. मी हाका मारल्या, तुमच्या काचा वर. मग जशी होते तशी धावले, नाक्यावर रिक्षा पकडली. हातात ताट आहे हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. चावी त्यात आहे हे तू सांगितल्यावर कळलं. मी चावी द्यायला आले नव्हते.

'किती शांत गाडी आहे' हा टोमणा नव्हता गं. तुला बरं वाटावं म्हणून बोलले ते.

बाई बघू नकोस. पण त्यांच्या एकट्याच्या गाडीत पोरीला बसवूही नकोस. दोन्ही मीच सांगतेय. काय करायचं ते मला सुचत नाही, मनाला चैन नाही.

आई

*

नाशिक
१९ मे २०२५

तात्या,

आईचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नका.

मी मागचं पत्र परत घेऊ शकत नाही. तुम्ही ते वाचलंय, खिशात ठेवलंय. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी काचेबाहेर बघत होते, हे आता सारखं डोळ्यांसमोर येतं. मला तुमची खूप आठवण येतेय.

कानाच्या डॉक्टरांकडे जा एवढंच म्हणते. उल्हासनगरला चांगले आहेत असं चौकशी केल्यावर कळलं. हल्ली मशीन अगदी छोटं असतं, कुणाला दिसत नाही. दिसलं तरी काय? गाडीचं आणि जिज्ञासाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही जे लिहाल ते मी आता नीट वाचेन.

तुमची
स्वप्नाली

*

पालेगाव
२४ जुलै २०२५

प्रिय स्वप्नाली,

उत्तराला दोन महिने लावले. आधी तुझ्या आईवर रागावण्यात आठवडा गेला. ती मशेरी लावत बसून राहिली. तिला मी ओरडतोय ते ऐकू येत होतं आणि मला नव्हतं, त्यामुळे मीच आधी थकलो.

मग गेलो डॉक्टरकडे. एका छोट्या खोलीत बसवलं, कानाला मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा, असं तिथली मुलगी म्हणाली. मी बोट तयार ठेवून पहिल्या आवाजाची वाट बघत बसलो. तिने काचेपलीकडून हात हलवला तेव्हा कळलं की तपासणी संपली होती.

मशीन लावून बाहेर आलो आणि माझं डोकं फिरलं. चपलांचा आवाज, पिशवीचा आवाज, प्रत्येक जण मोठ्याने बोलतोय. घरी येऊन पांढरी सुरू केली. स्वप्नाली, काय तो खडखडाट! दार वाजतंय, सायलेन्सर वाजतोय, खाली कुठलासा पत्रा ठणठण करतोय. मी सगळ्यांना सांगत होतो की माझी गाडी लोण्यासारखी चालते. मेकॅनिक चंदूला विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, "काका, पहिल्यापासून. मला वाटलं तुम्हाला आवडतं."

मग तुझ्या आईला घेऊन बदलापूरच्या रस्त्यावर गेलो. तुला मी खरं ते सांगतो. हॉर्न सगळे ऐकू आले, पण कुठला कुठून येतोय ते कळेना. मशीन सगळं एकत्र कानात ओतत होतं. मी डावीकडे बघायचो आणि गाडी उजवीकडून जायची. आई गुडघा दाबत होती, कान दुसरंच सांगत होते, मी कुणाचं ऐकू? कडेला गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. डॉक्टर म्हणतात, सवय होईल, वेळ लागेल. होईलही. पण माझ्या सवयीची वाट जिज्ञासाने मागच्या सीटवर बसून बघायची नाही. तू लिहिलं होतंस की मला नातीचा व्याप नको. अगं, तू तिचं नाव लिहिलंस तेव्हापासून मला झोप नव्हती. ती माझ्या गाडीत असेल आणि काहीतरी माझ्या मागून येईल, एवढंच दिसत होतं. ते तुला सांगण्यापेक्षा पिवळ्या बसचं लिहिणं सोपं वाटलं.

आता पुढचं ऐक. त्या दिवशी कडेला बसलो असताना तुझी आई म्हणाली, "इतकी वर्षं रस्ता मीच बघतेय. पाय तेवढे तुमचे होते." आणि नव्या गाडीला क्लच नाही, हे तिने तुझ्या कागदावर वाचलं होतं. मला वाटलं, रंग बघतेय.

जूनमध्ये तिने अंबरनाथच्या मोटार ट्रेनिंगमध्ये नाव घातलं. मी नको म्हणालो, मग हसलो, मग आनंदनगरच्या रस्त्यावर रोज पहाटे तिला घेऊन जायला लागलो. पहिल्या दिवशी तिने साडीचा पदर खोचला, चप्पल काढून मागे ठेवली आणि बटण दाबलं. मी म्हणालो, सुरू झाली का? ती म्हणाली, हो, ऐका की. मशीन लावून ऐकलं तेव्हा खरंच हळू काहीतरी येत होतं. काल तिची परीक्षा झाली. आरटीओच्या साहेबाने गाडी मागे घ्यायला सांगितली, तिने कॅमेऱ्यात बघितलंच नाही, मान वळवून घेतली आणि बरोबर लावली. पास झाली. शेजारच्या सरस्वतीबाईंना पेढे वाटून झाले आहेत.

गाडी जुनी चांगली की नवी चांगली? माझ्यासाठी अजून पांढरीच चांगली. सकाळी मशीन काढून ठेवतो, तिच्यात बसतो, हात दांड्यावर ठेवून थोडा वेळ तिला चालू ठेवतो. फाटकाबाहेर नेत नाही. पोरीला आणायला मात्र नवीच.

एक तारखेला आम्ही दोघं शाळेपाशी येतो. चालवणार तुझी आई. मी पुढे बसलो तर माझे पाय आपोआप ब्रेक शोधतात आणि तिचं लक्ष जातं, म्हणून तिने मला मागे बसायला सांगितलंय, जिज्ञासाशेजारी. आपल्या गाडीत मी मागे कधी बसलो नव्हतो. परवा बसून बघितलं. तिथून रस्ता नीट दिसत नाही. शेजारी बसणाऱ्याचं तोंड तेवढं अगदी जवळून दिसतं. तिला म्हणावं, शाळेतलं सगळं सांग, आजोबा तोंडाकडेच बघत असतील.

तुझा
तात्या